दोरी-चिंध्यांचे वाडगे: बूड फुगतं, भिंत पसरते, नेमकं कुठे चुकतंय?

चिंधीवेल

नमस्कार मंडळी. क्विल्टच्या कडा छाटल्या की बोट-दीड बोट रुंदीच्या पट्ट्या उरतात. जोडकामाला त्या अपुऱ्या पडतात, पण टाकून द्यायला जीव होत नाही. माझ्याकडे अशा तीन पिशव्या साठल्या आहेत. म्हणून कापड गुंडाळलेल्या दोरीचे वाडगे करायला घेतले.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कपडे वाळत घालायची सुती दोरी घ्यायची, तिच्यावर कापडाची पट्टी तिरकी गुंडाळत जायची आणि त्या दोरीचं वेटोळं करत शेजारचे फेरे मशीनवर झिगझॅग टाक्याने एकमेकांना जोडायचे. आधी सपाट बूड तयार होतं. ते उचलून तिरकं धरलं की पुढचे फेरे भिंत होऊन वर चढतात.

माझे तीन वाडगे झाले आणि तिन्हींची तऱ्हा वेगळी. पहिल्याचं बूड मधोमध फुगलं, टेबलावर ठेवलं की भोवऱ्यासारखं डुलतं. दुसऱ्याच्या वेळी म्हणून हात सैल ठेवला, तर बुडाची कड झालरीसारखी लाटालाटांची झाली, आणि भिंत चढायच्या ऐवजी बशीसारखी पसरली. तिसरा अर्ध्यापर्यंत छान आला, पुढे एक बाजू उंच आणि एक बुटकी.

दोरी ५ मिमीची आहे, पट्ट्या साधारण २ सेंमीच्या, मशीन साधं घरगुती. रंग इतके सुंदर दिसताहेत की सोडून द्यायचं मनात नाही. कृपया सांगा, कुठे चुकतंय?


दोनपदरी

रंगांची निवड फार आवडली, विशेषतः निळ्यातून हिरव्यात गेलेला दुसरा. डुलत्या बुडाचा अनुभव मलाही आहे. सुई कोणती वापरतेस आणि टाका किती रुंद ठेवतेस? दोरीच्या आत काय आहे तेही बघ. बाहेरून सुती दिसणाऱ्या काही दोऱ्यांच्या पोटात कृत्रिम धाग्याचा गाभा असतो.


उभाआडवा

चिंधीवेल, तुमचा पहिला आणि दुसरा वाडगा ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. सविस्तर लिहितो, कारण हे कळायला मला बरेच वाडगे उसवावे लागले होते.

गुंडाळलेली दोरी साधारण ६ मिमी जाड होते. बूड सपाट राहायचं तर बाहेरचा प्रत्येक फेरा त्याच्या आतल्या फेऱ्यापेक्षा सुमारे पावणेचार सेंटिमीटरने लांब असायला हवा. वर्तुळ लहान असो की मोठं, ही वाढ तेवढीच राहते, कारण ती फक्त दोरीच्या जाडीवर ठरते (जाडी गुणिले २π). आता तुम्ही दोरी ओढून धरलीत तर प्रत्येक फेऱ्यात हवी त्यापेक्षा थोडी कमी दोरी जाते. फेरा आखडतो, कड आत ओढली जाते आणि मधला भाग वर येतो. हा तुमचा पहिला वाडगा. उलट दोरी ढकलत राहिलात तर फेऱ्यात जास्तीची लांबी शिरते. तिला जायला जागा नसते, म्हणून लाटा येतात. हा दुसरा.

म्हणजे दोरी ओढायचीही नाही आणि ढकलायचीही नाही. उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा यांच्यामधून तिला सुईच्या दोन-तीन इंच आधी नुसती वाट दाखवायची, बूड फिरवायचं काम डाव्या तळव्याचं. मशीनचे दात (सुईखाली कापड पुढे सरकवणारे) जेवढी दोरी मागतील तेवढीच जाऊ द्यायची. दोरीचा गुंडा मांडीवर किंवा टेबलावर मोकळा ठेवा. तो खाली लोंबकळत असला तर त्याचं वजनच दोरी ओढतं आणि आपल्याला वाटतं हात तर सैल होता. पहिल्या वाडग्याच्या वेळी गुंडा कुठे होता ते आठवून पाहा.

आणि दर दोन फेऱ्यांनी मशीन थांबवून बूड टेबलावर ठेवून बघा. दोन फेऱ्यांत दिसलेली चूक पटकन उसवता येते, दहा फेऱ्यांनंतर दिसलेली उसवणं जिवावर येतं.


चिंधीवेल

गुंडा खुर्चीखाली टोपलीत होता! दोरी खालून वर ओढली जात होती. हे कधी लक्षातच आलं नसतं.

दोनपदरी, सुई मशीनमध्ये आधीपासून होती तीच, नंबर पाहिला नाही. टाका ३.५ रुंद. मधेमधे टाके सुटतात हेही खरं.


दोनपदरी

मग सुई आधी बदल. ९०/१४ किंवा १००/१६ ची जीन्सची सुई लाव. ९० म्हणजे सुईच्या दांड्याची जाडी ०.९ मिमी, १०० म्हणजे १ मिमी. बारीक सुई दोरीवर आदळली की किंचित वाकते, खालच्या हुकाला तिचा दोरा सापडत नाही आणि टाका सुटतो. म्हणजे तुझे सुटलेले टाके सुईचेच असणार, मशीन बिघडलं असं समजू नकोस. टॉपस्टिचची सुईही चालते. तिचं नाक (दोरा ओवायचं भोक) मोठं असतं, त्यामुळे जाड दोरा घासून तुटत नाही.

झिगझॅगची रुंदी ५ कर, लांबी अडीचच्या आसपास. हिशोब सोपा आहे: दोन फेऱ्यांच्या मधली खाच फुटाच्या (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पट्टीच्या) बरोबर मध्यावर ठेवलीस तर ५ मिमीचा टाका दोन्हीकडे अडीच-अडीच मिमी जातो, म्हणजे दोन्ही दोऱ्यांच्या कापडात नीट रुततो. साडेतीनचा टाका पावणेदोन मिमीच जातो. त्यात तू जरा डावीकडे सरकलीस की उजवी दोरी सुटलीच. शिवून झाल्यावर वाडगा उजेडासमोर धरून बघ, जिथून उजेड दिसतो तिथे टाका एकाच दोरीत बसलाय. तिथे दुसऱ्यांदा शिवून घ्यायचं, लाज वाटायचं कारण नाही.

फुटाचा दाब कमी करता येत असेल तर एक-दोन घरं कमी कर. समोरून उघडं किंवा पारदर्शक फूट असेल तर खाच दिसत राहते, डोळ्यांना फार बरं पडतं.


बॉबिनवाली

बॉबिनबद्दल, म्हणजे मशीनच्या खालच्या दोऱ्याच्या रिळाबद्दल, एक सांगते. बूड डावीकडे वर उचलून शिवताना जी बाजू आपल्याला वरून दिसते ती वाडग्याची आतली बाजू होते, आणि बाहेरून दिसतो तो बॉबिनचा दोरा. मी सुरुवातीला वर सुंदर रंगीत दोरा आणि बॉबिनला हाताला येईल तो पांढरा लावायचे. मग वाडगा पूर्ण झाला की बाहेरून पांढरे टाके. आता बॉबिनचा रंग आधी ठरवते, वरचा नंतर.

चार-पाच बॉबिन्स आधीच भरून ठेवा. झिगझॅगला दोरा भराभर संपतो आणि फेऱ्याच्या मध्यात बॉबिन रिकामी झाली की काही टाके हवेतच पडतात. दर वाडग्यानंतर बॉबिनची पेटी उघडून ब्रशने साफ करा. सुती दोरीचा आणि चिंध्यांच्या दशांचा इतका कापूस तिथे साचतो की बघून आश्चर्य वाटेल.


नवशिकी

फार उपयोगाची चर्चा. माझे अगदी प्राथमिक प्रश्न: पट्टी किती रुंद कापायची? उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी, कापायची का? आणि एका वाडग्याला दोरी आणि कापड किती लागतं?


चिंधीवेल

नवशिकी, पट्टीचं मी सांगू शकते. ५ मिमीच्या दोरीला २ सेंमी, ६ मिमीच्या दोरीला अडीच सेंमी. याहून अरुंद पट्टी मधेमधे दोरी उघडी टाकते आणि याहून रुंद पट्टीला गुंडाळताना चुण्या पडतात. उरेब कापायची गरज नाही, कारण सरळ पट्टीच आपण ४५ अंशांत तिरकी गुंडाळतो. जमल्यास आडव्या धाग्याच्या दिशेने, म्हणजे एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत कापा. ती पट्टी उभ्या धाग्यापेक्षा जराशी देते आणि वळणावर छान बसते.

चिंध्यांचं मात्र आपल्या हातात नसतं, येतील तशा घ्यायच्या. मी वीतभर लांबीपेक्षा लहान तुकडा घेत नाही. त्याहून लहान तुकड्यांत जोडच जास्त होतात आणि दोरी गाठाळ लागते.


उभाआडवा

दोरी-कापडाचा हिशोब मी देतो. १२ सेंमी व्यासाच्या सपाट बुडाला, जाडी ६ मिमी धरून, जवळजवळ १.९ मीटर दोरी लागते. त्यावर ८ सेंमी उंच सरळ भिंत म्हणजे साधारण १३ फेरे, प्रत्येक जवळपास ३८ सेंमीचा, म्हणजे आणखी ५ मीटर. एकूण ७ मीटर. भिंत बाहेर झुकती हवी तर थोडी जास्त.

४५ अंशांत गुंडाळलेली पट्टी दोरीच्या साधारण दीडपट लागते. ७ मीटर दोरीला साडेदहा मीटर पट्टी. ११० सेंमी पन्ह्याच्या कापडाच्या २ सेंमीच्या दहा पट्ट्या, म्हणजे सगळं मिळून २० सेंमी कापड. लहान वाडग्यात केवढ्या चिंध्या जिरतात बघा!

जाडी कापडागणिक बदलते हे लक्षात ठेवा. बाटिकचं कापड पातळ आणि घट्ट विणीचं असतं, त्याच्या दशाही कमी निघतात, गुंडाळायला त्याच्यासारखं कापड नाही. डेनिमची पट्टी त्याच दोरीला एकदम जाड करते. एकाच वाडग्यात दोन्ही आले तर भिंतीची उंची एका बाजूला वाढणारच. चिंधीवेल, तुमच्या तिसऱ्या वाडग्यात असं काही झालं होतं का?


चिंधीवेल

नाही, सगळं क्विल्टचंच सुती कापड होतं. पण मी बूड वर उचलायला सुरुवात केली ती जिथे हात आला तिथून.


उभाआडवा

मग तेच कारण. वेटोळ्याला सुरुवातीचं टोक असतं. मधल्या टोकापासून कडेपर्यंत सरळ रेष कल्पून तिथे एक टाचणी लावा, ती वाडगा संपेपर्यंत काढू नका. तिरकेपणा बदलायचा तो फक्त त्या टाचणीपाशी, आणि एकदा बदलला की पूर्ण फेरा तसाच धरायचा. मध्येच बदललात तर त्याच फेऱ्याचा अर्धा भाग पसरतो आणि अर्धा चढतो, आणि एकदा आलेला तो उतार पुढच्या प्रत्येक फेऱ्यात तसाच राहतो.

बशीसारखं पसरण्याचंही इथेच सांगून टाकतो. सपाट बुडात दर फेऱ्याला पावणेचार सेंमी वाढ असते, अगदी उभ्या भिंतीत शून्य. ४५ अंशांच्या उतारात सुमारे २.७ सेंमी. बूड थोडंसंच उचललंत तर फेरे जवळजवळ सपाटच वाढत राहतात, म्हणून बशी होते. खोल वाडगा हवा असेल तर पहिल्याच फेऱ्यात बूड धीटपणे उचला, मशीनच्या डोक्याच्या डाव्या बाजूला टेकेपर्यंत. भीती वाटते, पण दोरी ऐकते.


कापडचोपड

गुंडाळणं आणि शिवणं एकत्र करायचं की आधी सगळी दोरी गुंडाळून मग शिवायची? माझं मत: आधी गुंडाळा. मशीनवर बसल्यावर दोन्ही हात दोरीची वाट सांभाळायला मोकळे राहतात. रंगही आधीच डोळ्यांसमोर असतात. आणि पट्ट्या जोडताना गोंदाच्या कांडीचा एक फटका मारा, टाचण्यांपेक्षा फार बरं.


हातशिवण

गोंदाला माझा विरोध आहे. जिथे गोंद लागतो तिथे दोरी कडक होते आणि वळणावर ती जागा कोपऱ्यासारखी दिसते. जुन्या पट्टीचं टोक नव्या पट्टीच्या पहिल्या वेढ्याखाली इंचभर दाबलं की ते हलत नाही, टाका त्याला नंतर बांधून ठेवतोच.


कापडचोपड

हातशिवण, सुती कापडासाठी तुमचं पटतं. पण रेशमी किंवा कृत्रिम धाग्याच्या चिंध्या इतक्या घसरतात की दाबलेलं टोक दुसऱ्या वेढ्यात बाहेर येतं. तिथे मी गोंद सोडणार नाही. फक्त टोकाच्या अर्ध्या सेंटिमीटरला लावते, पूर्ण इंचाला नाही. वाळू दिला की सुईला चिकटतही नाही.


हातशिवण

अर्धा सेंटिमीटर चालेल. मी करून बघेन.

मशीन नसणाऱ्यांसाठी थोडं लिहिते, कारण हे काम मुळात मशीनचं नाहीच. वेटोळं करून फेरे एकमेकांना बांधत जाणं ही टोपली विणायची फार जुनी रीत आहे. इजिप्तमधल्या फायूम भागात नवाश्मयुगातल्या धान्याच्या खड्ड्यांना वेटोळ्यांच्या टोपल्यांचंच अस्तर सापडलं आहे.

हाताने करताना मोठ्या नाकाची बोथट सुई घ्या आणि पट्टीच सुईत ओवा. दोरीवर तीन-चार वेढे घ्यायचे, मग पुढचा वेढा खालच्या फेऱ्याच्या खालून काढून वर आणायचा, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा. पुन्हा तीन-चार वेढे, पुन्हा आठ. इथे गुंडाळणं आणि जोडणं एकाच पट्टीने होतं, वेगळा दोरा लागत नाही. मशीनवर तासात होणारं काम तीन-चार संध्याकाळी चालतं. पण फेरा किती आखडतोय ते बोटांना लगेच कळतं. ज्यांचं बूड फुगतं त्यांनी एक लहानसा वाडगा हाताने करावाच असं मला मनापासून वाटतं. नंतर मशीनवरचा हात आपोआप सुधारतो.


नवशिकी

सुरुवातीचं वेटोळंच माझ्याकडून होत नाही. दोरीचं टोक जाड, वळता वळत नाही, आणि मशीनखाली धरलं तर बोटं सुईजवळ जातात.


दोनपदरी

दोरीचं टोक तिरकं छाट, पेन्सिलच्या टोकासारखं निमुळतं. पट्टी टोकावरून दुमडून मागे वळव, म्हणजे टोक कापडात बंद होईल, आणि मग गुंडाळायला लाग. पहिले दोन-तीन फेरे हाताने वळवून त्यांच्या आरपार टाचण्या लाव, किंवा सुईदोऱ्याने कच्चे टाके घाल. मग मशीनवर त्या गोलावर एक फुलीसारखी आडवी-उभी टीप मार. आता रुपयाएवढं घट्ट बूड हातात येतं आणि तिथून पुढे झिगझॅग सुरू. टाचणीवर सुई पडू देऊ नकोस, तिच्याजवळ आलं की काढ. पहिले फेरे हळू, पायाचा भार अगदी कमी. बोटं सुईपासून लांबच हवीत, तिथे गोल बसत नसेल तर लाकडी काडीने धर.

लांबट टोपली हवी असेल तर वेटोळ्याऐवजी दोरी वीतभर सरळ ठेवून परत मागे दुमडायची आणि तिच्याभोवती फिरत जायचं.


बॉबिनवाली

रंगांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते, मला त्यातच सगळ्यात जास्त रस आहे. एक ११० सेंमीची पट्टी ७०-७५ सेंमी दोरी झाकते. मध्याजवळ जिथे वर्तुळ ६ सेंमी व्यासाचं आहे तिथे ती पट्टी जवळजवळ चार फेरे भरते. वरच्या कडेला, व्यास २० सेंमी झाला की, तीच पट्टी जेमतेम एक फेरा आणि वर थोडी. म्हणजे सारख्या लांबीच्या पट्ट्या सारख्या क्रमाने लावल्या तर आत रुंद वर्तुळं दिसतात आणि बाहेर तुटक ठिपके. ज्यांना कडेलाही अखंड रंगीत फेरे हवेत त्यांनी एका रंगाच्या दोन-तीन पट्ट्या बाजूला राखून ठेवाव्यात, बुडात संपवू नयेत. बुडाचं आतून कोण निरखून बघतं, शेवटी तिथे काहीतरी ठेवलेलंच असतं.

उलट, पाच-सात सेंटिमीटरला रंग बदलणाऱ्या लहान चिंध्या भिंतीत घातल्या की पाऊस पडल्यासारखं दिसतं, ते मला फार आवडतं. कापडाच्या किनारीच्या पट्ट्या, ज्यांवर रंगांचे छोटे गोल ठिपके छापलेले असतात, त्या मी अशा वाडग्यांसाठी वेगळ्या जमवते.


चिंधीवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री चौथा वाडगा केला. गुंडा टेबलावर, ९०/१४ ची सुई, टाका ५ रुंद, टाचणी शेवटपर्यंत लावलेली. बुडाचे दहा फेरे झाल्यावर टेबलावर ठेवलं आणि बोटाने दाबून पाहिलं, हललं नाही! सातव्या फेऱ्याला जरासा फुगीर वाटला होता, तेव्हा दीड फेरा उसवला आणि दोरी थोडी जास्त सोडून पुन्हा शिवला. नंतर ओलसर फडकं ठेवून वाफेची इस्त्री दाबली, त्याने उरलासुरला उंचसखलपणाही गेला. पण इस्त्रीने फुगा जात नाही, हेही कळलं. पहिल्या वाडग्यावर करून पाहिलं, थंड झाल्यावर तो पुन्हा डुलायला लागला.

भिंत उभी आली. आता कान करायचे आहेत, म्हणजे टोपलीसारखं दोन्हीकडून धरता येईल असं. कसे करू? आणि धुता येईल का?


दोनपदरी

फार आनंद झाला वाचून! कानांसाठी शेवटून दुसऱ्या फेऱ्यात टाचणीपासून दोन समोरासमोरच्या जागा खुणेने ठरव. तिथे चार बोटं आरपार जातील एवढं अंतर न शिवता सोड, दोरी थोडी वर कमानीसारखी उचल आणि पुढे पुन्हा शिवायला लाग. कमानीत दोरी किती घातलीस ते मोजून ठेव, दुसऱ्या कानाला तेवढीच. नंतरचा शेवटचा फेरा त्या कमानीवरूनही शिवत ने, म्हणजे कान दोन दोऱ्यांचा होतो आणि वजन पेलतो. एकेरी कान ओढला की लांबतो. कान जिथे सुरू होतो आणि संपतो त्या दोन्ही टोकांवर पुढे-मागे तीन-चार टाके पक्के कर, उसवतं ते तिथूनच.

शेवटचं टोक सुरुवातीसारखंच तिरकं छाट, पट्टी त्यावरून गुंडाळून बंद कर आणि टाचणीपाशीच संपव, म्हणजे कडेला पायरी दिसत नाही.


हातशिवण

धुण्याबद्दल: सुती दोरी पाण्यात आखडते आणि कापड आधी धुतलेलं नसेल तर तेही, पण दोन्ही सारखं आखडत नाहीत. त्यामुळे मशीनमध्ये टाकू नका. डाग पडला तर तेवढाच भाग ओल्या फडक्याने पुसा. गडद लाल-निळ्या चिंध्या असतील तर गुंडाळण्याआधी एकदा पाण्यातून काढा, नाहीतर शेजारच्या फिक्या फेऱ्यावर रंग उतरेल. कधी पूर्ण धुवावाच लागला तर थंड पाण्यात हाताने, आणि वाळवताना त्याच मापाचं भांडं आत घालून ठेवा.


चिंधीवेल

भांडं घालायची कल्पना छान. पहिल्या डुलणाऱ्या वाडग्याचं बूड आज उसवायला घेतलंय. पट्ट्या दोरीवर तशाच आहेत, फक्त टाके काढायचे आहेत. नऊ फेरे सुटले, दोन राहिलेत.